बलकावरची टिकली

मित्रांनो, जरा डोळे मिटा. तळहातावर भिजलेल्या साबुदाण्याचा एक दाणा आहे अशी कल्पना करा. गार, गुळगुळीत, आरपार दिसणारा. आता कोणीतरी तुम्हाला विचारत आहे, "यात जीव आहे की नाही? लवकर सांग. तू नाही म्हणालीस, तर आम्ही सगळे फेकून देणार." भोवती मोठी माणसे उभी आहेत. त्यांना घाई आहे. तुम्ही काय सांगाल?

आता डोळे उघडा, पण तो दाणा सांडू देऊ नका. ते रोहू माशाचे अंडे आहे. हा प्रश्न आठवीतल्या रक्षाला खरोखर विचारला गेला होता, आणि तिने उत्तर दिले ते माझ्यात डोकावून. मी तिच्या शाळेतला म्हातारा सूक्ष्मदर्शक.

माझा जन्म अंबाल्याच्या एका कारखान्यातला. पितळ कातून माझी नळी झाली. भिंगे घासणाऱ्या कारागिराने माझ्याखाली कांद्याची पातळ साल ठेवली, एक डोळा लावला, 'ठीक है' म्हटले आणि मला लाकडी पेटीत बंद केले. पेटी उघडली तेव्हा मी वैनगंगेच्या काठावरच्या एका गावात होतो. तिथल्या शाळेत माझे फार कौतुक झाले. मुले रांग लावायची. कोणी डासाचा पाय आणायचा, कोणी धानाच्या फुलातली धूळ. पाहून झाल्यावर मूल मागे सरकायचे आणि काही क्षण गप्पच राहायचे. त्या गप्प राहण्याइतकी मोठी शाबासकी मला पुढे कधी मिळाली नाही.

मग गोसीखुर्दचे धरण आले. पाणी चढू लागले आणि गाव उठले. शाळेची बाके ट्रॅक्टरवर चढली. मला तणसाच्या पेंढ्यांमध्ये खुपसले होते. नव्या गावात रस्ते सरळ होते, घरे एका रेषेत होती, पण माझे कपाट कुठे ठेवायचे हे कोणाला सुचत नव्हते. ते एका कोपऱ्यात गेले, आणि त्याची किल्ली हरवली. मला कोणी पाडले नाही, मारले नाही. फक्त विसरले. पावसाळ्यामागून पावसाळे गेले. ओलीने भिंगाच्या कडेला बुरशी धरली. चित्र स्पष्ट करण्यासाठी जी बारीक चावी फिरवतात, ती जाम झाली. मित्रांनो, डोळा असून अंधारात बसणे कसे असते, ते मी त्या कपाटात शिकलो.

रत्नमाला मॅडम शाळेत आल्या तेव्हा त्यांनी कपाटाची कडी पान्याने उचकटली. मला उन्हात ठेवले, मऊ कापडाने पुसले. बुरशी बरीच गेली. बारीक चावी मात्र अडूनच राहिली.

"थोडा आंधळा आहे, पण आपला आहे," मॅडम मुलांना म्हणाल्या.

पावसाच्या दिवसांत रक्षाने शेतातल्या बांधीतून, म्हणजे पाणी साठलेल्या धानाच्या वाफ्यातून, बेडकाची अंडी आणली. काळसर मण्यांचा जेलीत गुंफलेला गोळा होता तो. बेडकाच्या अंड्यातून उजेड आरपार जात नाही, म्हणून मॅडमनी वरून टॉर्च धरला आणि मी ते दाखवले. अंड्याचा वरचा भाग काळा, खालचा फिकट. वरून एक रेघ निघाली आणि खाली उतरू लागली. तीच पहिली फाळणी. एका पेशीच्या दोन पेशी व्हायला लागल्या होत्या.

"मॅडम, वरती भरभर गेली," रक्षा डोळा न हलवता म्हणाली. "खाली येऊन आता रेंगाळून राहिली."

"काहून रेंगाळते, सांगू?" मॅडमनी डब्यातून कणकेचे दोन गोळे काढले. पहिल्या गोळ्याभोवती दोरा गुंडाळून आवळला. गोळ्याचे सरळ दोन सारखे भाग झाले. "ज्या अंड्यात बलक अगदी थोडा असतो, ते असे सारखे फाटते. तुम्ही आईच्या पोटात होता ना, तुमचीही सुरुवात अशीच झाली."

दुसऱ्या गोळ्याच्या खालच्या अर्ध्या भागात त्यांनी भिजवलेले चणे दाबून भरले होते. दोरा वरून सहज आत शिरला आणि चण्यांशी येऊन अडखळला. मॅडमना जोर लावावा लागला.

"हे चणे म्हणजे बलक. पिल्लाची शिदोरी. बेडकाच्या अंड्यात ती खाली साठलेली असते. म्हणून वर लवकर भाग पडतात, पेशी लहान आणि पुष्कळ होतात. खाली उशिरा पडतात, पेशी मोठ्या आणि मोजक्या राहतात. अंडे सगळेच फाटते, पण सारखे नाही."

"आन् शिदोरीच जास्त असली तं?" मागच्या बाकावरून कोणीतरी विचारले.

"त्याची गंमत वेगळीच आहे," मॅडम म्हणाल्या. तेवढ्यात घंटा झाली, आणि दुसऱ्या दिवशी मॅडम प्रशिक्षणासाठी भंडाऱ्याला गेल्या. जाताना त्यांनी मला रक्षाच्या हवाली केले. तिने मला टॉवेलात गुंडाळून घरी नेले. ती गंमत सांगायची राहून गेली.

आता रक्षाच्या घरचे सांगतो. तिचे बाबा कमलेश गावच्या मच्छीमार सोसायटीचे बीज केंद्र चालवत. केंद्र म्हणजे घराला लागूनच टिनाचे एक शेड आणि सिमेंटच्या दोन गोल टाक्या. एका टाकीत मासे अंडी घालत. दुसरीत ती अंडी फिरत्या पाण्यात उबवत. बाहेरून आणलेले मत्स्यबीज, म्हणजे माशांची इवली पिल्ले, निम्मे वाटेतच मरते, म्हणून आपले बीज आपण तयार करू, असे कमलेशने सगळ्यांना पटवले होते. पण त्या मोसमातली पहिली अंडी दुपारपर्यंत काचेसारखी दिसली आणि मग पांढरी पडून सडली. सोसायटीचे अध्यक्ष सुखराम यांनी सर्वांसमक्ष सांगून टाकले होते, की अजून एक बारी पाहू, नाही तर शेडला कुलूप. कुलूप लागले की कमलेश बांधकामावर नागपूरला जाणार होता. रक्षा आजीजवळ राहणार होती. आई नसलेल्या त्या घरातून बाबाही जाणार, हे रक्षाला माहीत होते. ती त्याबद्दल बोलत नसे, इतकेच.

मॅडम भंडाऱ्यालाच होत्या, तेव्हाच्या एका सकाळी ती दुसरी बारी होती. अर्ध्या तासापूर्वीच एका मादीने अंडी दिली होती. ती उबवणीच्या टाकीत गोल गोल फिरत होती. पण नर मासे थकलेले होते, अंडी फळली की नाही याची कोणाला खात्री नव्हती. शेजारच्या टाकीत दुसरी मादी अंडी घालण्यासाठी देतात ते इंजेक्शन घेऊन तयार होती. ती कोणत्याही क्षणी अंडी टाकणार होती, आणि उबवणीची टाकी एकच. पहिली अंडी मेलेली असतील, तर ती आत्ताच सोडून टाकी धुवायला हवी होती. नाही तर त्यांच्या सडण्याने नवीन अंडीही गेली असती.

सुखरामांनी काचेच्या गिलासात अंडी घेतली आणि उन्हासमोर धरली. त्यांची नेहमीची परीक्षा तीच.

"आरशासारखी हायेत," ते म्हणाले. "पन मागच्या बारीले बी आरसेच होते. दुपारी पाह्यलं तं दही."

कमलेशने शेडकडे पाहिले. तिथे टेबलावर मी होतो, आणि माझ्याशेजारी रक्षा.

"रक्षा, तुझी मशीन लाव."

तिने बशीसारख्या काचेत चार अंडी ठेवली आणि माझा आरसा उन्हाकडे वळवला. मोठी चावी फिरवली. बारीक चावी फिरवायला गेली, ती हलली नाही. चित्र धूसर आले. मला ते सगळे दिसत होते, मित्रांनो. पण माझे काम दाखवण्याचे. सांगण्याचे नाही.

"काय दिसते?" कमलेशने विचारले.

"एक गोळा दिसते, बाबा. साधा. बेडकाच्या अंड्यावर रेघा होत्या. याच्यावर नाई."

"एक बी नाई?"

"नाई. वरती बारक्या फोडासारखं आहे काहीतरी. बाकी सगळं गुळगुळीत."

"फोड आला म्हणजे सडाले लागलं," सुखराम म्हणाले. "अजून काय पायजे?"

"मॅडमले फोन लाव," कमलेश म्हणाला.

"लावला. बंद येऊन रायला."

शेजारच्या टाकीत दुसरी मादी जोरात उसळली. पाणी काठावरून बाहेर आले. सुखरामांनी धोतर सावरले.

"ते थांबणार हाय का तुह्या मॅडमसाठी? बाई, आमाले इंग्रजीत नोको सांगू, मराठीत नोको सांगू. मेलं का जितं, एवढंच सांग."

रक्षाने पुन्हा डोळा लावला. तिला जे शिकवले होते, त्याच्याशी ती इमानाने वागत होती. जिवंत अंड्याचे भाग पडतात. खालचे भाग उशिरा, पण पडतात. या गोळ्याचा तर एकही भाग पडलेला दिसत नव्हता.

"भाग पडून नाई रायले, बाबा," ती हळूच म्हणाली.

कमलेश टाकीजवळ गेला, अंडी अडवणारी मधली जाळी उचलली आणि पाणी सोडायचा तळाचा वॉल फिरवला. पाणी गुरगुरत नालीत उतरले. नाली खालच्या रिकाम्या बांधीत जात होती. पाण्याबरोबर अंडीही निघाली.

मी तुम्हाला सांगतो, त्या क्षणी मला घशाची फार गरज होती. तो फोड नव्हता. माशाच्या अंड्यात शिदोरी इतकी भरलेली असते की दोरा ती कापूच शकत नाही. मग अंडे शहाणपण करते. बलकाला कापायला जातच नाही. पेशीचा सगळा कामाचा भाग वर गोळा होतो, टिकलीएवढा, आणि फाळणी होते ती फक्त त्या टिकलीची. खालचा बलक अख्खाच राहतो. पिल्लू त्याच्यावर वाढते आणि त्यातूनच खाते. रक्षा ज्याला फोड म्हणाली, त्या टिकलीच्या मधोमध एक रेघ पडली होती. दोन पेशी झाल्या होत्या. माझी बारीक चावी फिरली असती, तर तिला ती रेघ दिसली असती. मी जाम होतो, आणि पाणी वाहत होते.

रक्षा माझ्याजवळच बसून राहिली. तिला टाकीकडे बघवत नव्हते. टेबलापलीकडे चुलीवर तवा तापला होता. चंद्रकांता आजी कामावरच्या माणसांसाठी न्याहारी करत होती. घरच्या कोंबड्यांची अंडी होती. आमच्याकडे घरची अंडी कोणी सरळ तव्यात फोडत नाही. कोंबडी कधी कोणत्या अंड्यावर जाऊन बसली असेल याचा नेम नसतो, म्हणून प्रत्येक अंडे आधी वेगळ्या वाटीत फोडून बघतात.

आजीने एक फोडले, बघितले, तव्यात ओतले. दुसरे फोडले. तिसरे फोडले आणि तोंड वाकडे केले.

"घ्या. बसलेलं निघालं. त्या लाल कोंबडीले किती हाकललं मी, तरी जाऊन बसते बापा."

ती वाटी बाजूला सारत होती. रक्षाने सहज तिकडे पाहिले, आणि तिची नजर तिथेच थांबली. पिवळा बलक अख्खा होता, नितळ, गोल. त्याच्या वरच्या बाजूला टिकलीएवढी जागा होती आणि तिच्याभोवती केसासारख्या लाल रेषांचे जाळे पसरले होते. बलकाला कुठे एक चीर नव्हती.

"आजी, थांब. फेकू नोको."

"काहून? खाशील का?"

"हे जितं होतं ना?"

"होतं म्हनून तं वाया गेलं. सरक, तवा जळून रायला."

"पन याचा बलक तं फाटला नाई."

आजीने तिच्याकडे पाहिले. "बलक कायले फाटंल? बलक फाटला तं पिल्लू खाईल काय?"

रक्षा उत्तर द्यायला थांबली नाही. ती माझ्यावर जवळजवळ पडलीच. बशीतली तीच चार अंडी अजून माझ्याखाली होती. तिने डोळा लावला. धूसर. मग तिने चुलीजवळच्या तेलाच्या वाटीतले थेंबभर तेल बोटावर घेतले, माझ्या बारीक चावीच्या बुडाशी लावले आणि चावी धरली. जोर केला नाही. पुढे जरा, मागे जरा, पुढे जरा. इतक्या वर्षांत माझ्याशी कोणी असे वागले नव्हते. माझ्यात काहीतरी करकरले आणि चावी फिरली.

टिकली स्वच्छ दिसली. ती आता दोन पेशींची राहिली नव्हती. त्या दोनांच्या चार झाल्या होत्या, सारख्या, एकमेकींना खेटून, आणि चारांवरही नव्या रेघा उमटत होत्या. खाली बलक पौर्णिमेच्या चंद्रासारखा अख्खा. तिने दुसरे अंडे पाहिले. तसेच. तिसरेही. चौथे मात्र नुसते गुळगुळीत होते. ते एकच फळले नव्हते.

"बाबा, वॉल बंद करा. जिती आहेत."

सुखराम वळले. "आत्ता तं मेली म्हनत होतीस."

"मी चुकीच्या जागी पाहून राहिली होती. भाग वरतीच पडते. बलकात पडतच नाई."

"मंगाशी मेले, आता जिते. उद्या मले मेला म्हनशीन आन् घरचे रडाले बसतीन. कमलेश, होऊ दे खाली. ते मादी पाह्य."

दुसरी मादी आता टाकीच्या भिंतीला अंग घासत होती. नर तिच्या मागे लागले होते. कमलेशचा हात वॉलवर होता. तिचे ऐकून अंडी ठेवली आणि ती दुपारी सडली, तर दोन्ही बाऱ्या गेल्या आणि शेडही गेले. त्याने सुखरामांकडे पाहिले नाही. लेकीकडे पाहिले.

"खातरी हाय का?"

"वरती चार भाग आहेत, बाबा, आन् माझ्या डोळ्यांसमोर नव्या रेघा पडून रायल्या. मेलेलं वाढते का?"

त्याने वॉल फिरवला. गुरगुर थांबली. मधली जाळी त्याने पुन्हा बसवली आणि पाणी फिरवणारा फवारा सोडला. टाकीत उरलेली अंडी परत फिरू लागली.

सुखराम तरातरा शेडमध्ये आले. "दाखव कोठी हाय तुह्ये चार भाग." त्यांनी माझ्यावर डोळा लावला आणि दुसराही उघडाच ठेवला.

"माह्या पापन्याच दिसून रायल्या."

"एक डोळा मिटा, काका. वरती पाहा. टिकलीकडे."

ते बराच वेळ वाकून राहिले. मग सरळ झाले आणि गप्प राहिले. मित्रांनो, तेच ते गप्प राहणे. जुन्या गावानंतर पहिल्यांदाच मला ते मिळाले.

"चिवड्यातल्या शेंगदाण्यासारखं दिसते," ते शेवटी म्हणाले. "चार डाळींचं. कमलेश, त्या मादीची अंडी कुठं घेशील मंग?"

"तलावात मच्छरदानीचं कापड बांधतो. तिथं उबवू. कमी निंगतीन, पन निंगतीन."

दोघे कापड, बांबू घेऊन धावपळीला लागले. मला मात्र टेबलावरून खालची बांधी दिसत होती. टाकीतली निम्मी अंडी तिथे उथळ गढूळ पाण्यात पसरली होती. ऊन चढत होते. बांधीच्या काठावर एक बगळा उतरला, मग आणखी दोन.

इथे मी जरा थांबतो, कारण मला तुमच्याकडे एक मागणे मागायचे आहे. तुमच्या शाळेच्या कपाटात माझा एखादा भाऊबंद असेल, तर त्याला बाहेर काढा. भिंगाला बोट लावू नका, मऊ कापडाने पुसा, चावीवर जोर करू नका. पण नुसते तेवढे पुरे नाही. माझी चावी जाम होती, तरी पूर्ण दोष चावीचा नव्हता. बेडकाचे पाहून माशाचे सांगू नका. जिथे शिदोरी थोडी असते तिथे जीव एका तऱ्हेने सुरू होतो, जिथे भरपूर असते तिथे दुसऱ्या तऱ्हेने. समोर जे आहे तेच पाहा, आणि पाहून झाल्यावर पुन्हा एकदा पाहा.

रक्षा शेडच्या दारात उभी होती. तिनेही बगळे पाहिले. सुखरामांच्या ते ध्यानात आले असावे, कारण बांबू खांद्यावर घेता घेता ते म्हणाले, "गेली ते गेली, पोरी. टाकीत हायेत तेवढी जपू."

"माझ्या सांगण्यानं गेली, काका," रक्षा म्हणाली.

तिने आजीच्या खाटेवरची मच्छरदाणी सोडली, ती दुहेरी केली आणि स्वच्छ पाण्याने भरलेली बादली उचलली. आजी मागून ओरडली, की मच्छरदाणी एकच आहे. रक्षा नालीच्या कडेने धावत खाली गेली, हात उगारून बगळे हाकलले आणि गुडघाभर चिखलात उतरली. मग कापडाचे एक टोक दातात धरून तिने ते पाण्याखाली अलगद सरकवले, चिखल ढवळू न देता, आणि पहिली ओंजळभर अंडी वर उचलली.